नद्यांच्या भांडणातला तडजोडीचा माणूस : वसंतराव नाईक

पिंप्राळा (जि. जळगाव) : १ जुलै हा माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस. सारा महाराष्ट्र तो कृषिदिन म्हणून पाळतो. पंचायत समितीत फोटोला हार पडतो, एक-दोन प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळते, कृषी खात्याचे साहेब संकरित ज्वारीवर दहा मिनिटे बोलतात आणि चहा घेऊन मंडळी पांगतात. ज्वारीचे त्यांचे काम मोठे होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण शेतकऱ्याला बियाण्याइतकीच पाण्याची गरज असते, आणि नाईकसाहेबांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राची शेजारच्या राज्यांशी पाण्यावरून जेवढी भांडणे झाली, तेवढी आधी झाली नव्हती. त्यातल्या एका भांडणाचा निकाल कोर्टाऐवजी टेबलावर लागला. ते भांडण नर्मदेचे. नर्मदा आपल्याच खान्देशच्या शिवेवरून जाते, म्हणून हा विषय आपल्या जवळचा.

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली गावी, बंजारा समाजात झाला. गहुली हे गावच मुळी त्यांच्या आजोबांनी, चतुरसिंगांनी वसवलेले. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक. तांड्याचा नाईक म्हणजे नुसता मान नव्हे. तांड्यातल्या भांडणात दोन्हीकडचे ऐकून घेणे, दंड ठरवणे, रुसलेल्यांना पुन्हा एका पंगतीला बसवणे ही त्याची कामे. न्यायाची ही तऱ्हा मुलाने लहानपणी घरातच पाहिली असणार. शाळा एका गावी नव्हती. चार गावे फिरून प्राथमिक शिक्षण झाले, पुढे नागपूरला हायस्कूल आणि मॉरिस कॉलेज. १९४० मध्ये वकिलीची पदवी मिळाली. काही काळ अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केले आणि मग पुसदला स्वतःची वकिली थाटली. १९४१ मध्ये वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोन्ही बाजूंनी विरोध झाला, तोही त्यांनी पचवला.

पुसदसारख्या तालुक्याच्या कोर्टात वकिलापुढे काय येते ते तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको. बांध कोरला, वाट अडवली, विहिरीच्या वाटणीत पाळी मोडली, सावकाराने गहाणखत दाबले. दोन भाऊ एका विहिरीसाठी दहा वर्षे तारखा करतात, तोवर विहिरीचा गाळ कोणी काढत नाही. हे ज्याने वकील म्हणून जवळून पाहिले, त्याला दाव्याचा खर्च कळतो. जिंकणाऱ्यालाही तो चुकत नाही.

१९४६ साली ते काँग्रेसमध्ये आले आणि पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ ला आमदार. मात्र ही आमदारकी त्या वेळच्या मध्य प्रदेशची होती, हे आज बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती, आणि नाईक त्या सरकारात महसूल खात्याचे उपमंत्री होते. म्हणजे ज्या मध्य प्रदेशाशी पुढे नर्मदेवर बोलणी करायची होती, त्याच्या कारभाराची घडण त्यांनी आतून पाहिलेली होती. याचा उपयोग किती झाला हे कागदावर कुठे सापडणार नाही, पण झालाच नसेल असे वाटत नाही.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नाईक आधी सहकार आणि मग कृषिमंत्री झाले. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा महसूलमंत्री. ग्रामसेवक, तलाठी आणि पंचायत समितीच्या मंडळींनी इथे जरा थांबावे. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या ज्या शिफारशींवर उभ्या राहिल्या, त्या समितीचे अध्यक्ष हेच वसंतराव नाईक. समितीचा अहवाल १९६१ मध्ये आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आपण आज ज्या खुर्चीत बसतो ती त्या अहवालातून आली.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले, ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. सलग एवढा काळ मुख्यमंत्रिपदावर महाराष्ट्रात दुसरे कोणी राहिलेले नाही. १९६५-६६ चा धान्यतुटवडा, संकरित बियाणे, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठे, १९७२ चा दुष्काळ, त्या दुष्काळातली पाझर तलावांची आणि नालाबांधाची कामे, कापूस एकाधिकार खरेदी, हे सगळे त्या काळातले. आपले गिरणा धरणही १९६९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत पुरे झाले. या सगळ्यावर दर कृषिदिनी बोलले जाते, म्हणून इथे लांबवत नाही.

आता नर्मदा.

नर्मदा अमरकंटकला उगम पावते, जवळपास सगळी मध्य प्रदेशातून वाहते, पन्नासेक किलोमीटर महाराष्ट्राच्या हद्दीला घासून जाते आणि गुजरातेत समुद्राला मिळते. हद्दीला घासून जाते ती अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरातून. तेव्हा तो धुळे जिल्हा होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, योगायोगाने नाईकांच्याच जन्मदिवशी.

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी गुजरातेत नवागामला धरणाची कोनशिला बसवली. तेव्हा धरण लहान ठरले होते. मग गुजरातला ते उंच हवेसे वाटू लागले, कारण उंची वाढली की कालवा सौराष्ट्र-कच्छपर्यंत पाणी नेऊ शकतो. धरण जितके उंच, तितकी वरची जमीन पाण्यात. मध्य प्रदेशाला ते नको होते. महाराष्ट्रालाही नको होते, कारण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने जलसिंधी येथे वीजनिर्मितीचे धरण बांधायचा करार १९६५ मध्ये केला होता, आणि नवागाम उंच झाले की जलसिंधीची जागाच बुडत होती. एकाच्या शेताला पाणी द्यायचे म्हणजे दुसऱ्याचे घर बुडवायचे, असे हे कोडे.

सोडवायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये गुजरात आणि मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री भोपाळला बसले, केंद्रीय पाटबंधारे मंत्री के. एल. राव मध्यस्थ. करार झाला, पण मध्य प्रदेशाने पुढे तो मान्य केला नाही. मग १९६४ मध्ये डॉ. ए. एन. खोसला यांची समिती नेमली. खोसला म्हणजे देशातले नाणावलेले धरण अभियंते. त्यांनी ५०० फूट उंचीची शिफारस केली. गुजरातने मान डोलावली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने नाही म्हटले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खोसला समिती तज्ज्ञांची होती, तिने हिशेब मांडून उत्तर दिले. पण उत्तर बरोबर असले म्हणून भांडण मिटते असे नाही. ज्याचे बुडणार त्याच्या हातात काय पडणार, हे त्या उत्तरात बसले नव्हते.

१९६८ मध्ये गुजरातने १९५६ च्या आंतरराज्य नदीपाणी तंटा कायद्याखाली केंद्राकडे तक्रार केली. हा कायदा असा आहे की, आधी राज्यांनी बोलणी करावीत. बोलण्याने सुटत नाही असे केंद्राचे मत झाले तरच लवाद नेमायचा. पाणीवाटपाचा असा तंटा नेहमीच्या कोर्टांच्या कक्षेबाहेर ठेवायची सोय राज्यघटनेच्या २६२ व्या कलमात आहे. ६ ऑक्टोबर १९६९ रोजी न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा लवाद नेमला गेला. त्याच वर्षी कृष्णेसाठी न्या. बच्छावत यांचा आणि गोदावरीसाठीही त्यांचाच लवाद बसला. म्हणजे १९६९ नंतर नाईकांचे सरकार तीन नद्यांच्या तीन दाव्यांत एकाच वेळी पक्षकार. वकिलांच्या फौजा, नकाशांचे गठ्ठे, पर्जन्यमानाचे तक्ते. महसूल आणि पाटबंधारे खात्याच्या जुन्या माणसांना विचारा, गाठोडी कशी जायची दिल्लीला.

आणि कोर्ट टाळायला काढलेला हा मार्ग कोर्टातच अडकला. राजस्थानला नर्मदेचे पाणी हवे होते, पण राजस्थानच्या हद्दीतून नर्मदा वाहतच नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये लवादाने सुरुवातीच्या मुद्द्यांवर निर्णय दिला की, राजस्थानला या नदीवर हक्क सांगता येत नाही. मध्य प्रदेश आणि राजस्थान सर्वोच्च न्यायालयात गेले. लवादाच्या सुनावणीला स्थगिती मिळाली. तीन वर्षे गेली होती आणि एका थेंबाचीही वाटणी झालेली नव्हती.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, स्थगिती उठेपर्यंत वकील वाढवत जायचे. दुसरा, ज्याच्यावर सगळ्यांचा थोडाफार विश्वास आहे अशा माणसाकडे जाऊन बसायचे. जुलै १९७२ मध्ये चार राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी दुसरा रस्ता धरला. प्रश्न पंतप्रधान इंदिरा गांधींपुढे ठेवायचे ठरले. त्यात महाराष्ट्राच्या वतीने नाईक होते. त्याच उन्हाळ्यापासून महाराष्ट्रात दुष्काळ पडत होता. पाऊस नाही, धान्य नाही, लाखो माणसे खडी फोडायच्या कामावर. घर जळत असताना दूरच्या नदीचा दावा लांबवण्यात कोणत्या मुख्यमंत्र्याला रस असेल?

दोन वर्षे बोलणी चालली. १२ जुलै १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी सह्या केल्या, गुजरातेत राष्ट्रपती राजवट असल्याने तिथल्या राज्यपालांच्या सल्लागारांनी केली. करार छोटा आहे. चारपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल असे नर्मदेचे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरायचे. एक एकर रानात एक फूट पाणी उभे केले की ते एक एकर-फूट, असा हा हिशेब. त्यातून महाराष्ट्राला पाव दशलक्ष, राजस्थानला अर्धा दशलक्ष. उरलेले सव्वासत्तावीस मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यात लवादाने वाटावे. धरणाची उंची आणि कालव्याची पातळीही लवादानेच ठरवावी.

यातली खुबी पाहा. जे बोलून सुटते ते बोलून सोडवले, आणि जे सुटेना ते लवादावर सोपवले. सगळेच एका बैठकीत मिटले पाहिजे असा हट्ट कोणी धरला नाही. एकूण पाणी किती, यावरच अभियंते वर्षानुवर्षे भांडले असते, तो आकडा ठरून गेला. सर्वोच्च न्यायालयातले दावे मागे घेतले गेले आणि लवादाचे गाडे पुन्हा चालू लागले.

राजस्थानचे बघा. लवादाच्या हक्काच्या तराजूत त्याच्या पारड्यात शून्य होते. चौघांच्या संमतीने त्याला महाराष्ट्राच्या दुप्पट मिळाले. हक्क कोणाचा आहे एवढेच न्यायाधीश सांगू शकतो. गरज कोणाची आहे ते बघून, हक्क नसताना पाणी देणे, हे फक्त तडजोडीत होते. ते पाणी २००८ मध्ये जालोरच्या वाळवंटात पोहोचले.

महाराष्ट्राला काय मिळाले? पाव दशलक्ष एकर-फूट म्हणजे १०.८९ टीएमसी. नदीच्या पाण्याचा एक टक्काही नाही. तेव्हाही टीका झाली आणि आजही होते की, नाईकांनी फार थोड्यावर समाधान मानले. यावर माझे मत असे की, आपल्या बाजूचे नर्मदेचे खोरे लहान आणि सगळे डोंगराळ, मागणी फुगवून लवादात फार मिळाले असते असे दिसत नाही. विजेत मात्र चांगला वाटा आला. लवादाच्या अंतिम निवाड्यात सरदार सरोवराच्या विजेतले २७ टक्के महाराष्ट्राला, ५७ टक्के मध्य प्रदेशाला आणि १६ टक्के गुजरातला मिळाले. धरणाची उंची ४५५ फूट ठरली. पाणी मध्य प्रदेशाला १८.२५ आणि गुजरातला ९ दशलक्ष एकर-फूट.

दुसरी टीका जास्त खरी आहे. २८ चा आकडा बैठकीत ठरला. नदीने त्यावर सही केलेली नव्हती. पुढे मध्य प्रदेशाने नदीत प्रत्यक्ष पाणी त्याहून कमी असल्याचे म्हणत हा आकडाच पुन्हा उकरून काढला. म्हणून तडजोड करताना मोजमाप सोडून चालत नाही.

आणि तिसरी टीका सगळ्यात जड. त्या टेबलावर चार राज्ये होती, पण मणिबेली नव्हते. अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावे सरदार सरोवराने बाधित झाली. भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबे. ज्यांच्या घरापर्यंत पाणी चढणार होते त्यांना १९७४ मध्ये कोणी विचारले नाही. लवादाने पुढे जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची अट घातली खरी, पण तळोद्याकडे वसाहती उभ्या करता करता सरकारची आणि विस्थापितांचीही दमछाक झाली. ज्या करारात बुडणारा माणूस पक्षकार नसतो, तो करार राज्यांपुरता मिटतो, गावात मात्र भांडण उरतेच. उकाईच्या वेळीही हेच झाले होते. तापीवरचे उकाई धरण गुजरातने १९७२ मध्ये पुरे केले आणि त्याचे पाणी आपल्या पश्चिम खान्देशच्या गावांत चढले.

नाईकांना तडजोड प्रत्येक वेळी जमली असेही नाही. बेळगावच्या सीमाप्रश्नावर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये अहवाल आला, तो महाराष्ट्राच्या विरुद्ध गेला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नर्मदेवर करार झाला आणि सीमेवर झाला नाही, यात फरक काय? पाण्याची वाटणी पावात, अर्ध्यात, टीएमसीत करता येते. गाव अर्धे करता येत नाही. शिवाय महाजनांकडे दोन्ही बाजू निकाल मागायला गेल्या होत्या. नर्मदेत मुख्यमंत्री स्वतः बसून देवघेव करत होते. जो स्वतः देतो त्याला नंतर पाठ फिरवणे अवघड जाते.

कृष्णेचा दावा शेवटपर्यंत लवादातच लढला गेला. बच्छावत लवादाने डिसेंबर १९७३ मध्ये निवाडा दिला, १९७६ मध्ये खुलासे केले. २०६० टीएमसीपैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. मुदत संपल्यावर २००४ मध्ये दुसरा लवाद बसला, त्याचा निर्णय २०१० मध्ये आला, पुढे सर्वोच्च न्यायालय, मग तेलंगण वेगळे झाले आणि सुनावण्या पुन्हा सुरू. गोदावरीत मात्र नर्मदेचाच कित्ता गिरवला गेला. १९७५ मध्ये नाईकांच्या जागी आलेले शंकरराव चव्हाण यांच्या काळात महाराष्ट्र, आंध्र आणि इतर राज्यांनी आपसात करार केले, पैठणपर्यंतचे पाणी वापरायला महाराष्ट्र मोकळा झाला, आणि लवादाने १९८० मध्ये त्याच करारांवर शिक्का मारला.

खान्देशाला ही रीत नवी नाही. पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धत जुन्या माणसांना माहीत आहे. एका बंधाऱ्याखालचे सगळे थळ फडांत वाटलेले, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार, आणि पाणी कमी पडले की तूट सगळ्यांनी सोसायची. पाळीवरून वाद झाला तर पंच बसत. तालुक्याच्या कोर्टात जाईपर्यंत पीक वाळून गेले असते, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. राज्यांच्या नद्यांना मात्र असा पंच कायमचा नाही. लवादाच्या आधी एका समितीने ठराविक मुदतीत समेटाचा प्रयत्न करावा, अशी तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत अडकले आणि कायदा झालाच नाही.

मुख्यमंत्रिपद गेल्यावर नाईक १९७७ मध्ये वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसचे भलेभले पडले, हे निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. नर्मदा लवादाचा अंतिम निवाडा त्याच वर्षी डिसेंबरात जाहीर झाला. तो त्यांना पाहायला मिळाला नाही.

त्या निवाड्यात ४५ वर्षांनंतर पाणीवाटपाचा फेरविचार करता येईल अशी सोय आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पुरी झाली. आपले १०.८९ टीएमसी सातपुड्याच्या पलीकडे खोल दरीत, ते इकडे आणायचे तर डोंगर फोडायला हवा. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे ते वापरात आले नाही. तापीचे गाडे मात्र हलते आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही राज्यांच्या आंतरराज्य मंडळाच्या बैठकीत हे झाले, लवाद बसवावा लागला नाही. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरायचे आहे, आणि रावेर-यावलच्या खोल गेलेल्या विहिरींना त्यातून काही मिळेल अशी आशा आहे. योजनेत कोणाच्या जमिनी जाणार, किती जाणार, हे सातपुड्याच्या पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी आताच कागदावर मागून घ्यावे.